मला न विचारता फेडलेला नवस

माझ्या बायकोने मला आयुष्यात एकदाच फसवलं, पण असं फसवलं की ते मला अजून पुरतंय. ती आता नाही. आळीतले लोक सांगतात, गेलेल्या बाईवर कशाला राग धरतोस. त्यांच्या पोरी त्यांच्या घरी सणाला येतात, त्यांना सांगायला काय जातं. मी चौथी शिकलेला माणूस. जे झालं ते झालं तसं लिहितो.

आम्ही बाळकुमचे, जुने किरिस्तांव. तेव्हा बाळकुम गाव होतं, या बिल्डिंगी नव्हत्या. थोडी भातशेती होती आणि मी ठाण्याच्या एका कारखान्यात मशीनला तेल घालायला होतो. मूल एकच, ही पोर. ती लहान असताना तिला ताप आला तो उतरेचना. टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरने हात टेकले. बायकोने बांद्र्याच्या मोतमावलीला, म्हणजे माउंट मेरीला, नवस बोलला. ताप उतरला. औषधाने उतरला का माउलीने उतरवला, मला माहीत नाही, आणि तेव्हा विचारायची गरजही नव्हती.

जत्रेला आम्ही तिघं बांद्र्याला गेलो. तिथे नवस फेडायला मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखत असला तर मेणाचा पाय, घर पाहिजे असलं तर मेणाचं घर. पोर बरी झाली म्हणजे अख्खी बाहुली. बायको लहान बाहुली बघत होती, मी म्हटलं, मोठी घे, पोर काय अर्धी बरी झाली? मीच घेतली, मीच पोरीच्या हातात दिली, मीच मेणबत्ती लावली. बायको डोळे मिटून उभी, हलायलाच तयार नाही. मी म्हटलं, "आटप ना, मागे लोक खोळंबलेत." ती निघाली. नवस फिटला, माझ्या हिशेबी गोष्ट संपली.

पोर मोठी झाली. ऐंशीनंतरची वर्षं असतील, ती शाळा संपवून घरी होती. मी तिच्यासाठी बाजूच्या गावातला मुलगा बघून ठेवला. चांगला, न पिणारा, सरकारी नोकरीतला. आमच्यात लग्नाचं डुक्कर घरचं लागतं, विकतचं आणलं की लोक नावं ठेवतात. मी पिल्लू आणून बांधलं. बायको रोज त्याला कोंडा आणि भाताची पेज घालायची. पाठीवर थाप मारून म्हणायची, "खा बाबा, खा." तिला सगळं माहीत होतं तरी खाऊ घालत होती, हे मला नंतर कळलं.

एका रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांनी मला थांबवलं. म्हणाले, "तुमच्या मुलीला पाचारण आहे." मी विचारलं, "कोणी बोलावलंय तिला?"

"देवाने."

"देव रोज संध्याकाळी आमच्या घरी रोझरी ऐकतो, फादर. मला तर काही बोलला नाही."

फादर हसले. मी नव्हतो हसलो. घरी आलो तर दोघी मायलेकी ओट्यापाशी उभ्या, आधीच रडून झालेल्या. पोर म्हणाली, "पापा, मला सिस्टर व्हायचंय." मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता, तिला विचारा." जशी तिलाही आत्ताच कळलेलं.

मी ओरडलो, जेवलो नाही, लग्न होत नाही असा निरोप मुलाच्या घरी पाठवला नाही. शेवटी फादरांनीच तो निरोप पाठवला. मग मी काय करणार? लग्न मोडलंच होतं. डुक्कर राहिलं, ते पोर जायच्या आदल्या दिवशी कापलं. सगळी आळी जेवायला. पेटीवर गाणी चालली होती आणि आमचा शेजारी दोन ग्लास झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "नशीबवान आहेस रे! जावई साक्षात देव! मानपान नाही, रुसवाफुगवा नाही!"

मी म्हटलं, "जावई असला तर सणाला पोरीला घेऊन घरी यायला पाहिजे. तुझा देव आणेल काय?"

बायको आतून म्हणाली, "ऐका ना, आजच्या दिवशी तरी तोंड आवरा." मी आवरलं.

देवाने काही आणलं नाही. पहिली वर्षं ती शिकायला लांब, दुसऱ्या राज्यात. पहिलं व्रत झालं तेव्हा आम्ही दोघं गेलेलो, पांढऱ्या कपड्यातल्या पोरींमध्ये आपली कुठली ते आधी ओळखूच येईना. पुढे तिला कल्याणला पाठवलं, तिथून शहाडच्या वस्तीत दवाखान्यासाठी जायची. लोक म्हणाले, आता बरं झालं, जवळ आली. जवळ येऊन काय? घरी यायचं तर मदरची परवानगी पाहिजे, सोबतीला दुसरी सिस्टर पाहिजे आणि दिवस बुडायच्या आत परत. आली की माझ्यासमोर पाहुण्यासारखी खुर्चीवर बसायची. बायकोला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोरीला केक कापून द्यायची, तिचे हात हातात घेऊन बसायची. मला वाटायचं, बाई आहे, आहे त्यात समाधान मानते.

मग नव्वदनंतर बायको आजारी पडली. पोट फुगायला लागलं. सिव्हिलमध्ये ठेवलेली. एका दुपारी मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. तिने तोंड बाजूला केलं आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. पोरीला ताप आलेला तेव्हा मी बाहुली नव्हती बोललेली."

"मग काय बोललेलीस?"

"पोरच द्यायची बोललेली. वाचली तर तुझी, असं."

मी म्हटलं, "बाहुली मी घेतली ना?"

"तुम्ही घेतली. मी नको कशी म्हणणार?"

बांद्र्याला मी तिच्या बाजूलाच उभा होतो. माझ्या पोटच्या पोरीला तिने माझ्या खांद्याला खांदा लावून देऊन टाकलं आणि मी म्हणत होतो, आटप. एवढी वर्षं मी तिच्यासोबत एका ताटात जेवलो. भांडायचं तरी कसं? तिच्याने मान उचलवत नव्हती. मी पेज भरवली. काही दिवसांनी ती गेली. पोर आली, सोबतच्या सिस्टरसह, एक रात्र राहिली, गेली. मी तिला काही बोललो नाही. पण दर रविवारी सिमेटरीत जाऊन बायकोला मात्र बोलायचो. मेणबत्ती लावायचो आणि म्हणायचो, फसवलंस मला.

तेवढ्यात पोरीच्या कायमच्या व्रताची वेळ आली. हे एकदा घेतलं की मग सुटका नाही. मला वाटलं, आता सांगितलं पाहिजे. तिला वाटत असेल देवाने बोलावलं, आणि असेल फक्त आईचा नवस. कळलं तर ती परत येईल. खरं सांगतो, मला ती परत पाहिजे होती. घरी मी एकटा होतो.

मी कल्याणला गेलो. पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, चहा आणि बिस्किटं आली. मी आडवळण घेतलं नाही. "तुझ्या आयशीने तुला तापात असताना मोतमावलीला देऊन टाकलेली. तुला माहीत आहे?"

तिने कपात साखर ढवळली. "माहीत आहे, पापा."

"कधीपासून?"

"आठवीत असल्यापासून. मीच आधी आईला सांगितलं की मला सिस्टर व्हायचंय. ती रडायला लागली. का रडतेस विचारलं, तेव्हा तिने नवसाचं सांगितलं."

"म्हणजे तिने तुझ्या डोक्यात भरवलं."

"मी आधी बोलले, पापा. ती नंतर बोलली. ती तर घाबरली. फादरांकडे गेली विचारायला. फादर म्हणाले, आईने बोललेला नवस पोरीवर चालत नाही, पोर मोकळी आहे. तेव्हापासून आई मला सारखी सांगायची, तू मोकळी आहेस, नको जाऊस माझ्यासाठी."

"फादरांना पण माहीत होतं?"

"हो."

"अजून कोणाला? डुकराला पण माहीत होतं काय?"

ती हसली. लहानपणी हसायची तशीच, तोंडावर हात ठेवून. मला ते हसू नको होतं तेव्हा.

मी म्हटलं, "मग मलाच का नाही सांगितलं? बाप मेलेला काय तुझा?"

तिने कप खाली ठेवला. "तुम्ही मला अडवलं असतं."

"अडवलंच असतं!"

"आणि मी तुमचं ऐकलं असतं, पापा."

कोणाचा बाप वाईट असतो, पोरी त्याच्यापासून लपवतात, ते मी समजू शकतो. माझी पोर माझं ऐकणार होती म्हणून मला विचारलंच नाही. आई, पोर आणि पाद्री, तिघांनी मिळून मला बाजूला ठेवलं, कारण माझ्या एका शब्दाने सगळं मोडलं असतं. मोडायचंच होतं मला. पण माझा शब्द होता ना तो?

निघताना ती म्हणाली, "व्रताच्या दिवशी आईबाप मुलीला वेदीपर्यंत नेतात. आई नाही. तुम्ही याल?"

"नाही आलो तर?"

"तर एकटी जाईन."

मी गेलो. कोट घालून गेलो. तिचा हात माझ्या हातात होता, घट्ट, आणि गरम. मला आठवलं, तापात असा गरम होता. वेदीपाशी मी तिचा हात सोडला आणि बाकड्यावर जाऊन बसलो, शेजारी मोकळी जागा सोडून. बिशपांनी तिला विचारलं, तू हे स्वतःच्या इच्छेने करतेस काय? मी पुढे वाकलो. आवाज जरा जरी कापला असता तर मी उठलो असतो, बिशप असो नाहीतर कोणी, तिला हाताला धरून बाळकुमला आणली असती.

आवाज कापला नाही. असा खणखणीत आला की मागच्या बाकड्यांपर्यंत ऐकू गेला. बाजूच्या बाईने माझ्याकडे बघून डोळे पुसले, तिला वाटलं मी आनंदाने रडतोय.

त्यानंतर मी सिमेटरीत गेलो तेव्हा बायकोला सांगितलं, पोर खरंच स्वतःहून गेली, तुझा नवस काही लागला नाही. पण मला दोघींनी फसवलं ते फसवलंच. तेवढं मी माफ केलेलं नाही, आणि आता वय झालंय, होईलसं वाटत नाही.