टेगवेनच्या गोळ्या आणि इद्रिसचे स्पंज

सकाळपासून भुरभुर लागली होती. डोंगर दिसत नव्हता, म्हणजे वेल्समध्ये सगळं ठीक होतं. इद्रिस मेंढ्यांच्या आत ठेवलेले औषधी स्पंज दोरीला धरून ओढून काढत होता. स्पंज दोनेक आठवडे ठेवून काढला की मेंढ्या एकदमच माजावर येतात.

त्याची बायको टेगवेन फाटकाबाहेर पालथ्या बादलीवर बसली होती. एरवी अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून जुळी कोकरं ओढून काढणारी बाई. पण सध्या मेंढ्यांना शिवायची बंदी. तिच्याच पोटात जुळी होती आणि गर्भपिशवीचं तोंड आखूड झालं होतं. मुलं वेळेआधी येऊ नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंनी रोज रात्री आत ठेवायला हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. मागल्या खेपेचं मूल पाचव्यातच गेलं होतं. त्याबद्दल ती बोलत नसे.

सुईण बेथान तपासायला आली. "गोळ्या चालू आहेत ना गं?"

"केल्या बंद. परवाच."

"कुणी सांगितलं?"

टेगवेननं हनुवटीनं नवरा दाखवला.

"अहो, हार्मोन या स्पंजातल्याच जातीचं," इद्रिस म्हणाला. "दोन आठवडे झाले की काढायचं. माझ्या बापानंही कधी जास्त ठेवलं नाही."

"काढल्यावर मेंढीचं काय होतं?"

"माजावर येते."

"मग? तुझ्या मेंढीला गाभण व्हायचंय, बाबा. हिला गाभण राहायचंय!"

इद्रिसनं हातातल्या स्पंजाकडे पाहिलं. मग गाडी काढली.

दवाखान्यात पडद्यावर दोन्ही काळजं धडधडताना दिसली. गर्भपिशवीचं तोंड मोजलं, ते होतं तेवढंच होतं.

"नशीब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजपासून पुन्हा रोज. मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

"मग राहतील ना पोटात?" टेगवेननं विचारलं.

"शक्यता वाढते. खात्री नाही देता येत."

"मेंढीची देतात," इद्रिस म्हणाला.

"तू गप रे," टेगवेन म्हणाली.

परतताना ती एकदाच बोलली. "मागल्या वेळी कुणी असं मोजलं असतं, तर?"

इद्रिसनं वायपरचा वेग वाढवला. पाऊस तेवढाच होता.

घरी पोचल्यावर तिनं गोळ्यांचा डबा उशीशेजारी ठेवला, टेबलाशी बसली आणि जेवणाचे बटाटे सोलायला घेतले.