इंचाचा स्क्रू, मिलिमीटरची चावी

आमच्या ह्यांना नेमबाजी क्लबात सगळे ‘सावकाश’ म्हणतात. तोंडावर नाही, पण ह्यांना ठाऊक आहे. कुणी धापा टाकत बिघडलेलं पिस्तूल घेऊन आलं, की हे आधी हात पुसणार, मग पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघणार आणि मग म्हणणार, "हं, आता सावकाश सांगा." माझ्या तर नाकाच्या शेंड्यावर राग. असल्या माणसाशी मी अठ्ठावीस वर्षं संसार केला, आता बोला!

बरं, घरी हे आणि कामावरही हेच. रेंजच्या मागे एक चिंचोळी खोली आहे, तिथे हे क्लबाची पिस्तुलं दुरुस्त करतात. पुढे शस्त्रागाराची खिडकी आहे, तिथे मी बसते. कोणतं पिस्तूल कुणी नेलं, कधी परत दिलं, काही मोडलं असेल तर का मोडलं, सगळं माझ्या रजिस्टरात. माझ्या खिडकीसमोर भले भले नेमबाज सुतासारखे सरळ उभे राहतात.

निवड चाचणीच्या दिवशी साडेदहाला ह्यांची भाची खिडकीशी आली. चेहरा पांढराफटक. ज्युनियरमधलं तिचं शेवटचं वर्ष. आधी एकदा दोन गुणांनी हुकली होती, एकदा तापाने फणफणली होती. चाचणी दोन वाजता आणि दीड वाजता पिस्तुलं तपासायचं टेबल बंद.

"मामी, मागची साईट हलतेय," ती म्हणाली. "मी आवळायला गेले, तर चावी नुसतीच गरागरा फिरतेय."

मागची साईट म्हणजे नेम धरायची खाच असलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. आठच दिवसांपूर्वी ह्यांनी तो नवा बसवला होता. आणि साईटच्या स्क्रूला नेमबाजाने हात लावायचा नाही, हा क्लबाचा नियम. हत्यार खराब करणाऱ्याला दोन महिने रेंज बंद. म्हणजे चाचणीसुद्धा गेलीच की!

कोच मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. "लिहा," त्या मला म्हणाल्या. "तपासणीच्या टेबलावर मी हे रजिस्टर बघणार आहे. पिस्तूल दुरुस्त झालं, तरी हिला खेळू द्यायचं की नाही ते तिथे ठरेल."

मी लिहिलं. कारणाच्या रकान्यात, माझ्या टपोऱ्या अक्षरात: ‘नेमबाजाने परस्पर स्क्रू फिरवून खराब केला.’ वर पोरीला झापलंही. "हात शिवशिवत होते का गं तुझे? मामा काय मेलेत का इथे?" ती मान खाली घालून उभी राहिली.

ह्यांनी पिस्तूल उघडून वरचा सरकता भाग तेवढा काढला आणि चामड्याची पट्टी लावून शिकंज्यात धरला. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या डोक्यातल्या सहा बाजूंच्या खाचेचं झिजून गोल भोक झालं होतं. आणि खाली आट्यांना ह्यांचाच तो लाल गोंद. एकदा सुकला की बापजन्मात सुटत नाही.

आधी रबराचा तुकडा मध्ये घालून चावी फिरवली. काही नाही. मग सोल्डरिंगचं तापलेलं टोक स्क्रूवर टेकवून गोंद तापवला, चांदणीच्या आकाराचा बिट हातोडीने हळूच आत ठोकला आणि पिळला. बिट क्षणभर धरला आणि खर्रकन सुटला.

"अहो, जरा जोर लावा ना!" मी दारातून ओरडले.

"जोर लावला तर साईटच्या खालचे आटे जातील. मग हा तुकडाच फेकायचा."

बारा वाजले. दुसरं पिस्तूल द्यावं, तर पोर डावखुरी. तिच्या पंजाच्या मापाची मूठ याच एका पिस्तुलाला. माझं तोंड थांबलं. मी तोंड बंद ठेवते तेव्हा परिस्थिती खरंच वाईट असते.

ह्यांनी खणाच्या तळातून एक बारीक ड्रिल काढलं, उलट्या बाजूने फिरणारं. स्क्रू पुन्हा तापवला. मशीनची गती सगळ्यात कमी ठेवली आणि ड्रिल अगदी मधोमध टेकवलं. इतकं हळू, की मला वाटलं मशीन बंदच आहे. बारीक चकचकीत कीस वर येऊ लागला. ह्यांनी थांबून फुंकर मारली, बघितलं, पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ड्रिल आत रुतलं आणि स्वतःबरोबर स्क्रूलाही फिरवायला लागलं. एक वेढा, दुसरा वेढा, आणि अख्खा स्क्रू ड्रिलच्या टोकावर बाहेर!

"हुश्श!" मी मटकन स्टुलावर बसले. माझा जीव भांड्यात पडला. खालचे आटे शाबूत होते. नवा स्क्रू बसला, पोरीने रेंजवर पाच गोळ्या मारून पाहिल्या, पाचही एका झुबक्यात. एक वाजून पाच मिनिटं. आता तपासणीचं टेबल तेवढं राहिलं. मला वाटलं, कोच मॅडमच्या हातापाया पडून बघू.

तर हे खोलीतच बसलेले. भिंगाखाली तो जुना स्क्रू धरून. पाच मिनिटं झाली, हलेनात. मग उठले आणि थेट खिडकीशी आले. कोच मॅडम तिथेच होत्या.

"ते लिहिलेलं खोड," हे मला म्हणाले. "स्क्रू तिने नाही खराब केला. मी केला."

कोच मॅडम हसल्या, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मिस्त्री, भाची आहे तुमची. मला कळतं. पण असं दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेऊ नका."

"भिंगातून बघा. खाचेच्या कडांचा खरवडलेला चुरा स्क्रूच्या डोक्याखालच्या गोंदात घट्ट चिकटलाय. गोंद सुकायच्या आत पडल्याशिवाय चुरा असा चिकटत नाही. हिने आज फिरवला असता, तर चुरा सुटा असता. गोंद ओला होता तेव्हा स्क्रूला फक्त माझाच हात लागला होता." ह्यांनी घसा साफ केला. "स्क्रू इंचाच्या मापाचा आहे. मी मिलिमीटरची चावी लावली. चष्मा न लावता. केसभर फरक असतो, बोटांना कळेल असं वाटलं मला. चावी घसरली आणि मी समजलो, आवळला गेला. तो कधी आवळलाच गेला नव्हता. म्हणून साईट हलत होती."

कोच मॅडमनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. "हे लिहिलं तर तुमची चौकशी होईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतक्या वर्षांत तुमच्या नावावर एक ओळ नाही."

"आता एक असू दे."

मी माझ्याच टपोऱ्या अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि खाली नवऱ्याची चूक लिहिली. पेन जड झालं होतं हो. राग येत होता ह्यांचा, आणि अभिमानाने छाती फुटेल असंही वाटत होतं. पोर बाजूलाच उभी होती. तिचे खांदे इतके खाली आले, की सकाळपासून ते कानाला लागले होते हे मला तेव्हा दिसलं. दीडला दहा मिनिटं कमी असताना टेबलावर शिक्का बसला.

निवड सहा जणांची होती. पोर सहावी आली. सहावी तर सहावी! मी खिडकीत बसून टाळ्या पिटल्या.

संध्याकाळी ती पिस्तूल परत द्यायला आली. मी नोंद केली, पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "चुकलं माझं, पोरी. विचारायच्या आधीच बोलले तुला."

तिने खिडकीच्या फटीतून दोन्ही हात आत घातले आणि माझा हात धरला. "मामी, चाचणीचं काय, गेली असती तर गेली असती. पण मामांनी केलेलं काम मी बिघडवलं, असं वाटत होतं ना, मला मान वर करून त्यांच्याकडे बघता येत नव्हतं."

आणि जिच्या तोंडाला अख्खा क्लब घाबरतो, ती मी, रजिस्टरवर टिपं गाळत बसले.