शुक्रवारचा पिझ्झा

'या वर्षापुरतं' असं कुणी म्हटलं की मार्सेला डोंबेकला आजही हसू फुटतं. त्या वेळच्या फादरांनी तिला रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, चर्चच्या दारातच गाठलं होतं. "मोठ्या मुलांना धर्मशिक्षण द्यायला माणूस मिळत नाहीये. या वर्षापुरतं बघतेस का?" मार्सेला शाळेची बस चालवायची. बसमध्ये ओरडतात ती इथंही ओरडतील, त्यात काय एवढं, असं म्हणून ती हो म्हणाली. ते फादर गेले, पुढचेही गेले, आता नायजेरियाहून आलेले फादर एमेका आहेत. आणि बाईसाहेब अजून दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात फोल्डिंगच्या खुर्च्या मांडतायत!

विस्कॉन्सिनमधलं आमचं हे गाव गाईगुरांचं, आणि निम्मं गाव पोलिश आडनावांचं. इथं कुणाचं काही झाकून राहत नाही. त्यात मार्सेलाचा कारभार आणखीच वेगळा. सकाळी बसच्या आरशात जी तोंडं दिसतात, तीच बुधवारी तिच्यासमोर येऊन बसणार. कोण रडून आलंय, कुणाचं कुणाशी फाटलंय, सगळं तिला आधीच ठाऊक. पोरं तिला 'मिसेस डी' म्हणतात आणि तिच्यापुढं थापा मारायच्या भानगडीत पडत नाहीत.

तर कोरिनची गोष्ट. वसंतात बिशप यायचे होते, मुलांच्या कपाळाला पवित्र तेल लावून दृढीकरण करायला, म्हणजे त्यांना चर्चचे पक्के सभासद करून घ्यायला. थंडी ऐन भरात असताना एका सकाळी कोरिन बसमध्ये उठून पुढच्या सीटवर येऊन बसली. सोळा वर्षांची पोर, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी.

"मिसेस डी, बिशपांसमोर उभं राहून 'माझी श्रद्धा आहे' असं म्हणायचं असतं ना?"

"हो."

"मला ती आहे की नाही, हेच कळत नाहीये. मग काय, चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलू?"

मार्सेलानं आरशात बघितलं. पोरगी थट्टा करत नव्हती. "नको बोलूस," ती म्हणाली. "तू स्वतः हो म्हणेपर्यंत मी तुझं नाव फादरांना देणार नाही. झालं?"

म्हणायला म्हणून गेली, पण दिवसभर तेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. कारण अशी सुटलेली पोरं परत येत नाहीत, हे तिनं बघितलेलं होतं. आज दृढीकरण नको, उद्या मिस्सा नको, आणि मग एकदम कुणाच्या तरी अंत्यविधीलाच भेट. कोरिन तशी जायला नको होती. तिला ती पोर फार आवडायची.

आणि दुसरं संकट म्हणजे ल्युसिल. कोरिनची बुशा, म्हणजे आजी. ल्युसिल आणि मार्सेला लहानपणापासूनच्या मैत्रिणी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये माशांची पंगत असते. तेव्हा एकीनं मासे पिठात घोळवायचे आणि दुसरीनं तळायचे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. ल्युसिलनं नातीसाठी पांढरा झगा शिवून ठेवला होता, केकची ऑर्डर दिली होती, पाहुण्यांना निरोप धाडले होते.

"तू कोण गं नाव न देणारी?" हे कानावर येताच पंगतीच्या पहिल्याच शुक्रवारी ती मार्सेलावर कडाडली. "पोरीला काय कळतंय! आपल्याला तरी त्या वयात काय कळत होतं? उभे राहिलो की नाही गुमान?"

"म्हणूनच म्हणते, ल्युसिल. तिला विचारू दे ना स्वतःला."

"माझ्या घरात नाक खुपसू नकोस!" त्या शुक्रवारपासून ल्युसिल तळणीवरून उठून कोबी चिरायला जाऊन बसली, ती पार दुसऱ्या टोकाला.

असे दिवस चाललेले असताना मुलांच्या ध्यानशिबिराचा दिवस आला. शाळेला सुटी म्हणून शुक्रवारच पकडला होता. सकाळभर प्रार्थना, गाणी, चर्चा. दुपारी पोरांची पोटं ओरडायला लागली, तशी मार्सेलानं फोन उचलला आणि दर बुधवारच्या सवयीनं पिझ्झावाल्याला सांगितलं, "नेहमीचंच पाठव रे."

नेहमीचं म्हणजे पेपरोनी. डुकराच्या मटणाच्या त्या लालभडक चकत्या.

पोरं तुटून पडली. मार्सेलानंही एक तुकडा घेऊन मोठा घास घेतला. चेस्टर नावाचा धिप्पाड पोरगा तर दुसऱ्या तुकड्यावर पोचला होता. कोरिनची ताटली मात्र रिकामी.

"का गं, भूक नाही?"

कोरिन अवघडली. "मिसेस डी... आज शुक्रवार आहे."

अरे देवा! उपवासकाळातला शुक्रवार, मासे चालतात, पण मांसाला हात लावायचा नाही. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारीच याच बाईनं याच पोरांना तासभर पढवलं होतं! मार्सेलाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. तिनं तो कागदी रुमालात काढला आणि कपाळावर हात मारला.

"मी अर्धाच चावलाय," चेस्टर घाबरून म्हणाला. "अर्ध्याचं पाप कसं मोजतात?"

"गप रे! ठेव खाली!"

नेमक्या त्याच वेळी संध्याकाळच्या पंगतीसाठी कोबीचं पातेलं घेऊन ल्युसिल आत आली. आणि हे दृश्य! अख्ख्या वर्गाच्या हातात पेपरोनी, शिकवणारीच्या ओठाला लाल तेल, आणि आपली नात तेवढी रिकाम्या ताटलीपुढं. ल्युसिलनं पातेलं टेबलावर दणकन ठेवलं.

"वा, मार्सेला! हेच का तुझं धर्मशिक्षण? आणि बघ, माझ्या पोरीला बघ! हिची म्हणे श्रद्धा नाही! अख्ख्या खोलीत एकटी हीच तर कॅथलिक उरलीय! आता तरी घालशील ना हिचं नाव?"

खरं सांगायचं तर मार्सेलाच्याही मनात तेच आलं होतं. जिभेच्या टोकावर होतं, 'बघ पोरी, तुझं तुलाच उत्तर मिळालं.' एवढं म्हटलं असतं तर ल्युसिल परत तळणीवर आली असती, झगा वाया गेला नसता आणि कोरिन आपल्याच वर्गात राहिली असती. सगळे खूश.

तिनं कोरिनकडं पाहिलं. "का नाही खाल्लंस गं?"

"माहीत नाही," कोरिन ताटलीकडं बघत म्हणाली. "हातच गेला नाही. पण तेवढ्यावरून मी हो म्हणू शकत नाही. अजून नाही."

"मग नाही," मार्सेला म्हणाली. "ल्युसिल, मी तिला शब्द दिलाय."

ल्युसिल पातेलं उचलून तरातरा निघून गेली. फादर एमेकांना कळलं तेव्हा ते पोट धरधरून हसले, विसरून झालं ते पाप नव्हे म्हणाले आणि उरलेला पिझ्झा शनिवारसाठी फ्रीजरमध्ये ठेवायला लावला. सगळे हसले. मार्सेला मात्र पोरांना घरोघर सोडून रिकामी बस घेऊन घरी जाताना रडली.

ईस्टरनंतर बिशप आले, तेल लागलं, फोटो निघाले. चेस्टरसुद्धा टायमध्ये बरा दिसत होता. कोरिन मागच्या बाकावर आजीशेजारी बसली होती, आणि आजी मार्सेलाकडं ढुंकूनही बघत नव्हती. उन्हाळा तसाच गेला. सप्टेंबरात शाळा उघडली, तर कोरिन बसमध्येही नाही. लायसन्स मिळालं होतं, आता ती स्वतःच गाडी चालवत होती. आरशात तिची सीट रोज रिकामी दिसायची. गेली पोरगी, मार्सेलानं स्वतःला बजावलं. आपल्याच हातानं घालवली.

पहिल्या बुधवारी ती नव्या, लहान मुलांसाठी खुर्च्या मांडत होती. जिन्यावर पावलं वाजली. कोरिन! हातात पिझ्झाचा चपटा खोका.

"एक वर्ष खालच्या पोरांबरोबर बसावं लागेल ना मला?" ती म्हणाली. "चालेल. मला वाटतं, आता मला हो म्हणता येईल. पण प्रश्न विचारणार हं मी."

मार्सेलानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "बुशानं पाठवलं?"

"बुशाला पत्ताच नाही. मी सांगेन तिला. तुम्ही फोन करायचा नाही."

"नाही करत बाई." फोन करायला बोटं शिवशिवत होती, तरी तिनं कबूल केलं. मग तिनं खोका उघडला. नुसतं चीज! पेपरोनीची एक चकती म्हणून नाही.

"अगं, आज बुधवार आहे! आज चालतं सगळं!"

"मला माहितीये," कोरिन खुर्ची ओढून बसत म्हणाली. "तुमचा भरवसा नाही."