ऋषीच्या भाजीला मिठाचा खंदक

मी वाढवून सांगतो असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. पनवेलच्या गोगलगाईंच्या बाबतीत मात्र मी नेहमी आवरतंच घेतो, कारण होतं तेवढं सांगितलं तर ऐकणारा उठून जातो. श्रावण तोंडावर आला की आमच्या परसात त्या अशा निघत की विहिरीपर्यंत जाताना पाऊल कुठे टाकायचं याचा विचार करावा लागे. लहान असत त्या बोराएवढ्या. मोठ्या म्हणाल तर त्यांना पाहून देवळातला शंख कोनाड्यात मागे सरला असता. कौलांवर पाऊस कोसळत असतानाही त्यांच्या चघळण्याचा आवाज मला माजघरात ऐकू येई. बायको म्हणे, तुम्ही स्वतःचंच घोरणं ऐकता. जागा माणूस घोरतो कसा, हे तिने आजवर सांगितलेलं नाही.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. मी गावातल्या एका भातगिरणीत कामाला होतो. घरामागे आईचे भाजीचे वाफे होते, आणि ते ऋषिपंचमीसाठी होते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी व्रत करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगराखालचं धान्य नाही, शेतातली भाजी नाही. माणसाने आपल्या हाताने कुदळ मारून जे पिकवलं, तेवढंच त्या दिवशी पातेल्यात पडायचं. आई या बाबतीत इतकी कडक होती की रस्त्याने जाणारा बैल आमच्या कुंपणापाशी आला की मान खाली घालून पलीकडच्या कडेने जाई. आळीतल्या बायका त्या दिवशी तिच्याकडून वाटी वाटी भाजी नेत आणि पुढचं वर्षभर तिच्याशी जरा हळू आवाजात बोलत.

त्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी संप केला. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने कुदळ बायकोच्या हातात दिली आणि आळीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "यंदा ऋषीची भाजी सुनेच्या हातची."

बायको उरणकडची, मिठागरवाल्यांची मुलगी. समोरच्या घरातल्या बाईंनी हे ऐकलं आणि त्या लगेच ओसरीवर आल्या.

"काकू, मिठागरावर गवताचं पातं उगवत नाही म्हणतात."

"मग?"

"मग काही नाही. नाहीच जमलं तर सांगा. माझं पातेलं मोठं आहे, त्यातली भाजी देईन तुम्हाला."

त्या पातेल्यातली भाजी आमच्या दारात आली असती, तर बायकोला ती आमच्या घरात सून येईपर्यंत पुरली असती, आणि त्यानंतर सुनेनेही ती गरम करून वाढली असती. बायकोला हे माझ्याआधी कळलं. तिने त्याच दिवशी माती फोडायला घेतली.

पडवळ, दोडकी, भेंडी, माठ, अळू, कडेला मका. सगळं नीट उगवलं. समोरच्या बाई रोज कुंपणावरून पाहून जात आणि रोज जरा निराश होत. मग गोगलगाई आल्या. माठाचा वाफा संध्याकाळी भरलेला होता, सकाळी नुसती माती. पडवळाच्या वेलाला पानांऐवजी देठ आणि देठांवर चांदीसारखे चकचकीत माग.

बायकोने चुलीतली राख भोवती पसरली. राख कोरडी होती तोवर गोगलगाई थांबल्या, आणि ती कोरडी राहण्याइतका वेळ पावसाने कधी दिला नाही. मी गाड्यांची चाकं करणाऱ्या सुतारांकडून लाकडाचा भुसा आणला. पहिल्या दिवशी त्या भुशावरून सरकताना अडखळल्या. दुसऱ्या दिवशी भुसा भिजून मऊ झाला आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बिछाना केल्यासारख्या पडून होत्या. बाजारातल्या एका दुकानदाराने कसलीशी औषधी पावडर देऊ केली. आईने पुडीचा वास दुरूनच घेतला.

"हे मी ऋषींच्या ताटात वाढू?"

पुडी परत गेली. शिवाय श्रावण लागला होता, आणि श्रावणात परसात कोणाचा जीव घ्यायचा नाही असं आईने वेगळं बजावलं.

तेव्हा बायकोने गिरणीतला कोंडा मागितला. ओल्या गोणपाटाखाली मूठ मूठ कोंडा ठेवून ती संध्याकाळी ते वाफ्यांमध्ये पसरून ठेवी. सकाळी गोणपाट उचललं की खाली सगळी जत्रा. ती घमेल्यात वेचायची आणि मी घमेलं सायकलला बांधून तळ्याच्या पलीकडे सोडून यायचं. हा उपाय खरोखर चांगला होता. अडचण एवढीच की कुंपणापलीकडून नवीन येत होत्या, आणि माझ्या मते जुन्याही परत येत होत्या. खात्रीसाठी मी एका मोठ्या गोगलगाईच्या पाठीवर चुन्याचा ठिपका दिला. तिला तळ्यापलीकडे सोडलं, वाटेत चहा प्यालो, एका ओळखीच्या माणसाशी गप्पा मारल्या आणि घरी आलो, तर ती दारात. बायको म्हणते की ठिपक्याची गोगलगाय घमेल्याच्या तळालाच चिकटून राहिली होती. तसंही असेल. पण तिच्या चेहऱ्यावर प्रवासाचा शीण मी पाहिला आहे.

पडवळाचे जेमतेम तीन-चार वेल उरले, तेव्हा बायकोने माहेरी निरोप पाठवला. निरोप साधाच होता की गोगलगाई भाजी खातात, काय करू. सासऱ्यांनी उत्तर पाठवलं नाही. ते स्वतः आले, आणि मिठाच्या गोणी घेऊन आले.

पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली असतात, लावणीही उरकलेली असते, म्हणून मिठागरवाला श्रावणात मोकळा. सासरे होडीने खाडीतून पनवेल बंदराला उतरले आणि तिथून बैलगाडीने आले. आमच्या आळीत गाडी वळत नाही. म्हणून तोंडाशीच गोणी उतरवून त्यांनी एकेक डोक्यावरून आणली. एवढं मीठ मी तोवर एका जागी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात सबंध पनवेलचं लोणचं मुरलं असतं.

"बाय, मिठाच्या घरची पोर तू, न गोगलगाय तुला भारी परली?" ते लेकीला म्हणाले. "आमी इतकं मीठ पिकवतो ते कशाला?"

आई म्हणाली, "व्याही, श्रावण आहे. मीठ टाकून जीव मारायचे नाहीत माझ्या परसात."

"ईनबाय, मी कोनावर टाकत नाय. मी रेघ मारतो. ज्याला मरायचं हाय तो येईल. मी काय बोलवायला जात नाय."

आणि त्यांनी वाफ्यांच्या अगदी कडेकडेने मिठाचा बांध घातला, मिठाच्या आगरात घालतात तसा, वर हात फिरवून गुळगुळीत केलेला. गोगलगाईंनी शिंगं पुढे केली, वास घेतला आणि मागे फिरल्या. सासरे ओसरीवर पाय सोडून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले की जगात दोनच गोष्टी टिकतात, एक समुद्र आणि दुसरं, तो आटला की मागे उरतं ते मीठ. समोरच्या बाईंनाही त्यांनी हे ऐकवलं. बाईंनी मिठाच्या बांधाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि आत गेल्या.

दुपारी पाऊस आला. तो नेहमीसारखाच आला, पण बांध मिठाचा होता. बघता बघता तो विरघळून पांढरं पाणी वाफ्यांत शिरलं. दुसऱ्या दिवशी कडेची भेंडी भाजल्यासारखी दिसत होती. मका पिवळा पडला. उरलासुरला माठ आडवा झाला. गोगलगाई कुंपणावर चढून बसल्या होत्या आणि खाली उतरायची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

आईने वाफ्यांवरून नजर फिरवली. "व्याही, भाजी तुम्ही जागच्या जागी खारवलीत. आता मोहरीची फोडणी द्यायची तेवढी राहिली."

सासरे गप्प झाले. हा माणूस गप्प झालेला उरण तालुक्यात कोणी पाहिला नव्हता. त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "जावयबापू, सांजची होडी मिलल का?"

बायको दारात उभी राहिली. "बाबा, बसा खाली. आगरात गोडं पाणी शिरलं तर काय करता तुम्ही?"

"बांध घालतो. उघाडी लावतो. गोडं भायेर काढतो."

"मग इथं खारं बाहेर काढायचं. टोपी काढा."

सासऱ्यांनी टोपी खुंटीला लावली आणि कुदळ मागितली.

त्या बापलेकींनी पुढचे दिवस परसात जे केलं, ते मिठागरच होतं, फक्त उलटं. वाफ्यांच्या कडेची खारट माती खरवडून बाहेर टाकली. मधली माती ओढून वाफे चांगले गुडघाभर उंच केले. भोवती सगळीकडून चर खणला आणि चराच्या तळाला चिकणमाती चोपली. वाफ्यावर पडलेला पाऊस माती धुऊन मीठ घेऊन चरात उतरे. चराच्या एका कोपऱ्यात कौलाचा तुकडा उभा लावला होता, ती त्यांची उघाडी. पाणी जास्त झालं की कौल वर करायचं, गटारात सोडायचं, परत बंद करायचं. पावसाने चरातलं पाणी पांचट झालं की सासरे उरलेल्या गोणीतली ओंजळ त्यात टाकत. मग बोट बुडवून जिभेला लावत आणि मान डोलावत.

"खारं हाय. बरं हाय."

आत अडकलेल्या गोगलगाई बायकोने पुन्हा गोणपाट आणि कोंडा लावून वेचल्या. मी त्या तळ्यापलीकडे नेऊन सोडल्या, या वेळी ठिपका न देता, कारण काही गोष्टी माणसाला माहीत नसलेल्या बऱ्या. बाहेरच्या गोगलगाई चराच्या काठावर येऊन थांबत. होडीची वाट पाहणारे उतारू बंदरावर उभे असतात तशा त्या ओळीने दिसत. एक तर जांभळाच्या पानावर बसून अर्ध्या चरापर्यंत आलेली मी पाहिली. वारा पडला म्हणून परत गेली. कुंपणाची एखादी फांदी किंवा पडवळाची शेंडी चरावर आडवी झाली की त्यांना पूल मिळे. म्हणून बायको सकाळ-संध्याकाळ भोवती फिरून सगळं खुडून टाकी.

पाऊस पडत राहिला आणि मीठ धुऊन गेलं. मधले पडवळाचे वेल तगले होते, त्यांनी नवी पानं धरली. दोडकी लागली. माठ पुन्हा पेरला होता, तो लाल होऊन वर आला. अळू मुळातच निर्लज्ज, त्याला काहीच झालं नव्हतं. भेंडी आणि मका मात्र गेले ते गेलेच.

गणेश चतुर्थीला आळीतल्या बायका आमच्याकडे दर्शनाला आल्या आणि दर्शन घेऊन सगळ्या मागच्या दारी गेल्या. समोरच्या बाई बराच वेळ वाफ्यांकडे पाहत होत्या.

"भाजी छान आली हो काकू. पण उद्या चालायची नाही."

"का?"

"हे मीठ बैलगाडीतून आलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बैलाने ओढलेलं मीठ, त्यावर राखलेली भाजी. म्हणजे बैलाचे कष्ट आलेच. मी आपलं सांगितलं. माझं पातेलं आहेच."

बायकोच्या हातात प्रसादाचं ताट होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी मीच ओढली असं ते सांगणार होते आणि मागून मी ढकलली असं मी सांगणार होतो, एवढं आमचं नजरेनेच ठरलं होतं. खरं तर मी त्याच्याही पुढे जाऊन बैल गाडीत बसले होते असं म्हणायच्या बेतात होतो. पण आईने हाताने मला थांबवलं. नियम तिचा होता. आजवर तिने तो कोणासाठी वाकवला नव्हता, आणि ती आता काय म्हणते यावर बायकोचा सगळा पावसाळा टांगलेला होता.

आई सावकाश पायरीवर टेकली.

"व्याही, बैलांनी मीठ कुठवर आणलं?"

"आलीच्या तोंडापावत. म्होरं मी डोक्यावं."

"आणि ते मीठ ज्या भाजीने खाल्लं तिचं काय झालं?"

"मेली, ईनबाय."

"मग जगली ती मीठ न खाता जगली. बैल राबले ते गोगलगाईंसाठी." आई समोरच्या बाईंकडे वळली. "गोगलगाईंना पंचमी धरू नका म्हणून सांगेन मी. आणि काय गं, तुझ्या पातेल्यात घालशील ते मीठ कसं आलं तुझ्या घरी? पोहत?"

एका बाईंना हसू आवरलं नाही. मग बाकीच्यांनाही आवरलं नाही. समोरच्या बाई थोड्या उशिराने हसल्या, पण हसल्या. बायकोने ताट पुढे केलं आणि पहिला प्रसाद त्यांनाच दिला.

दुसऱ्या दिवशी भाजी चुलीवर चढली. आईने पहिला घास घेतला, चावला आणि थांबली.

"मीठ घातलं नाहीस."

"मुद्दाम नाही घातलं," बायको म्हणाली. "वाटलं, आतच असेल."

सासरे ओसरीवरून उठून चराकडे निघाले, तर आईने त्यांना बसायला सांगितलं आणि फडताळातली बरणी काढली. भाजी वाट्यांतून घरोघरी गेली. समोरच्या घराची वाटी बायको स्वतः घेऊन गेली आणि बराच वेळ आली नाही.

आईने एक पडवळ वेलावरच राखायला सांगितलं, बियांसाठी. तोवर बी तिच्याकडे असे, उंच फळीवर एका डब्यात. त्या वर्षी तो डबा फळीवरून बायकोच्या कपाटात गेला. पुढच्या ज्येष्ठात समोरच्या बाई पडवळाचं बी मागायला आल्या, तेव्हा आई दारातच बसली होती. ती सरकली आणि म्हणाली, "आत जा. सुनेला विचार."

बाईंनी बी नेलं आणि जाता जाता, तुझे वडील यंदा कधी येणार आहेत, असंही विचारलं. त्यांच्या कुंपणापाशी मी तेव्हा एक गोगलगाय पाहिली होती. पाठीवर चुन्याचा ठिपका होता. हे मी घरी सांगितलं नाही.