छिद्रांवरचा पट्टा

मंद्रूपजवळ मल्लप्पाच्या पडीक रानात रॉकेट डोकं खाली करून जमिनीत घुसलं, तेव्हा महेश्वरी बिराजदार पाहुण्यांना चहा देत होती. पॅराशूट उघडलंच नव्हतं. हातातला ट्रे तिनं खुर्चीवर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती एकोणीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. बंद पडलेली मीटरं दुरुस्त करावीत, प्राध्यापकांचे प्रयोग मांडून द्यावेत आणि अहवालावर नाव त्यांचं यावं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण कॉलेजच्या रॉकेट क्लबमधल्या पायल या विद्यार्थिनीनं एकदा तिला विचारलं, "ताई, उंची मोजणारा अल्टिमीटर बाहेरून मागवायचा तर अठरा हजार पडतात. हितं न्हाय का बनत?"

"बनतो की," महेश्वरी म्हणाली, आणि पुढचे सात महिने त्यात गेले.

कल्पना साधी होती. वर जावं तसा हवेचा दाब उतरतो. रॉकेट टोकाला पोचून खाली वळलं, की तो पुन्हा चढायला लागतो. तेवढा क्षण ओळखायचा आणि चिमूटभर दारू पेटवून पॅराशूट बाहेर फेकायचं. पण यंत्र वाऱ्याच्या झोतालाही फसायचं, म्हणून सलग पाच वेळा दाब वाढलेला दिसल्याशिवाय पेटायचं नाही, असं तिनं त्याला शिकवलं. सेन्सरवर ऊन पडलं की आकडे भरकटायचे. तिथं तिनं काळ्या स्पंजचा तुकडा बसवला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत यंत्र ठेवून, सिरिंजनं हवा ओढून तिनं शेकडो चाचण्या घेतल्या. सगळं मिळून खर्च आला आठशे रुपये. बाहेरची हवा आत यावी म्हणून रॉकेटच्या नळीला चार बारीक छिद्रं पाडली आणि पायलला बजावलं, "ही बुजली तर यंत्र आंधळं होतंय."

उड्डाणाच्या दिवशी विभागप्रमुख घाडगे सरांनी तिला रॉकेटभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडेच थांबवलं. "बिराजदार बाई, तिकडं फक्त प्राध्यापक. तुम्ही पाहुण्यांच्या चहाचं बघा."

रॉकेट कोसळल्यावर तेच सर पाहुण्यांना हसत सांगत होते, "आमच्या लॅबमधल्या बाईंचं घरगुती यंत्र होतं हो. पुढच्या वेळी चांगलं मागवू."

महेश्वरीची कानशिलं तापली. तिनं मल्लप्पाकडून टिकाव घेतला आणि भर उन्हात रान तुडवत निघाली. मागोमाग मल्लप्पाही आला.

"लई खोल गेलंय की, बाई. मी काढतो."

"नको मामा. मीच काढते."

हातभर उकरल्यावर चेपलेली नळी हाती लागली. नळीभोवती कॉलेजच्या नावाचा चकचकीत निळा पट्टा गुंडाळला होता. आदल्या संध्याकाळी तिनं रॉकेट तयार करून ठेवलं तेव्हा तो नव्हता. नखानं तिनं कड सोलली. खाली चारही छिद्रं होती, पट्ट्यानं गच्च बंद झालेली.

धावत आलेली पायल ते बघून रडकुंडीला आली. "सरांनी सकाळी लावला, ताई. फोटोत नाव दिसाया पायजे म्हणाले. मी छिद्रांचं सांगितलं, तर मलाच गप बसवलं."

सोमवारी महेश्वरीनं सरांच्या टेबलावर दोन आलेख ठेवले. उड्डाणातल्या दाबाची नोंद ठेवणारी यंत्रातली चिप शाबूत होती. बरणीतल्या चाचणीची रेघ उतरून परत चढलेली, उड्डाणाची जवळजवळ सपाट. शेजारी तिनं तो निळा पट्टा ठेवला.

"विषय संपलाय, बाई," सर म्हणाले.

"तुमचा संपला असेल. चार लोकांत माझं काम नासकं ठरवलंत. चार लोकांतच सांगा, चूक कुणाची होती."

"नोकरी करायची आहे ना तुम्हाला?"

"तीच करत होते. तुम्ही स्टिकर चिकटवत होता."

दुपारी तिनं आलेख आणि पट्ट्याचा फोटो विभागाच्या सूचनाफलकावर लावला, खाली सही केली. दुसऱ्या दिवशी शिस्तभंगाचा मेमो आला. घरी जाताना ती इतकी संतापली होती, की दोन चौक पुढं गेल्यावर तिला आठवलं, स्कूटर कॉलेजातच राहिली.

क्लबच्या मुलांनी कॉलेजचं नाव सोडलं. स्वतः पोलीस परवानगी काढली, मल्लप्पाला विचारलं आणि दोन महिन्यांनी त्याच रानात दुसरं रॉकेट उभं केलं. या खेपेला कळ दाबण्याआधी महेश्वरीनं छिद्रांवरून स्वतः बोट फिरवलं. रॉकेट वर गेलं, ठिपक्याएवढं झालं, क्षणभर थांबल्यासारखं वाटलं, आणि केशरी पॅराशूट उघडलं. मुलं नाचू लागली. महेश्वरीला हसू येईना. हे पहिल्याच दिवशी झालं असतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आठवड्याभरात घाडगे सरांचा फोन आला. प्रदर्शनात कॉलेजच्या नावानं ते यंत्र मांडायचं होतं.

"आधी मेमो मागं घ्या," ती म्हणाली. "लेखी."

चार दिवसांनी दोन ओळींचं पत्र आलं. माफीचा शब्द नव्हता. महेश्वरीनं ते फाईलला लावलं. यंत्र मात्र प्रदर्शनाला दिलं नाही. त्याचा सगळा आराखडा तिनं पायलकडून इंटरनेटवर टाकून घेतला, कुणीही बनवावं म्हणून. पहिल्या ओळीत तिनं स्वतःचं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत, छिद्रं उघडी ठेवण्याची सूचना.