चार बोटांचं अंतर

वच्छला सिस्टरचे हात नेहमी गार असतात. एकतीस वर्षं साबण, स्पिरिट आणि नळाचं पाणी यांत गेलेले हात. तळव्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाची ती इन्चार्ज. गंगापूरकडच्या शेतकरी घरातली मुलगी, नर्सिंग शिकायला शहरात आली ती इथलीच झाली.

रेकी, म्हणजे तळव्यांतून ऊर्जा देण्याची विद्या, ती शिकली नवरा आजारी असताना. चिकलठाण्याला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये दोन रविवारचा वर्ग होता. नवरा वाचला नाही. पण शेवटच्या दोन महिन्यांत तिनं कपाळावर हात ठेवला की त्याचा श्वास संथ व्हायचा. तेवढ्यावर तिनं ती विद्या धरून ठेवली. वॉर्डात तिचे नियम ठरलेले. आधी इंजेक्शनं, ड्रेसिंग, चार्ट. मग दहा मिनिटं उरली तर, आणि पेशंट हो म्हणाला तर. नातेवाइकांना ती बजावते, "यानं शुगर उतरत नाही. शुगर इन्सुलिननं उतरते. यानं नुसतं बरं वाटतं, तेही वाटलं तर." वॉर्डात जखमा असतात, टाके असतात, म्हणून ती अंगाला हात लावत नाही, चार बोटं वर, हवेतच धरते. वर्गात तसंही चालतं म्हणून सांगितलं होतं. शेवटी हात धुवायचे, हेही सांगितलं होतं.

"सिस्टर, किती टक्के चार्ज झाल्या आजी?" तिची ज्युनिअर मेघा विचारते.

"तुझा मोबाईल लावून बघ," वच्छला म्हणते.

अकरा नंबरच्या खाटेवर गोजरबाई आली ती खुलताबादकडच्या एका खेड्यातून. वय सत्तरच्या पुढं. शुगरनं डाव्या तळपायाला मोठी जखम झालेली, दोन बोटं काढलेली. मुलगा बुद्धभूषण चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला. पाळी संपली की डबा घेऊन यायचा, मेघाला दारातूनच "जय भीम, ताई" म्हणायचा. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: अजून दोन आठवडे रोज ड्रेसिंग झालं तर पाय राहील. मध्येच घरी नेलं तर घोट्याच्या वर कापावा लागेल.

पाच दिवस गोजरबाई फारसं बोलली नाही. वच्छला ग्लोव्हज घालून ड्रेसिंग करायची, ग्लोव्हज काढून टाकायची, मग पायाच्या वर हात धरून डोळे मिटायची, शेवटी हात धुवायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "आजी, बरं वाटावं म्हणून जरा करू का?" गोजरबाईनं मान हलवली होती. दवाखान्यात मान हलवायचीच असते.

सहाव्या दिवशी सकाळी ती मुलाला म्हणाली, "घरी चल." का, ते सांगेना. डबा उघडू देईना. बुद्धभूषण स्वतःच्या जबाबदारीवर नेण्याचा फॉर्म घेऊन टेबलापाशी आला.

"आई ऐकंना. काय करू सिस्टर? लई हट्टी हाय."

वच्छला खाटेपाशी गेली. "आजी, पाय जाईल."

"जाऊ दे."

"कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"बोलायची गरज असती व्हय?" गोजरबाई छताकडं बघत होती. "तू रोज वरूनच हात फिरवती. मोजून चार बोटं. पायाला काय कळतंय, त्यो मेलेला. शिवलं काय न नाय शिवलं काय. पर मला डोळं हायेत." मग ती वळली. "बरं, शिवली नाय तर नाय. मंग हात कशाला धुती?"

वच्छलाला उत्तर येत होतं. जंतू, वॉर्डाचे नियम, वर्गातली शिकवण. ते सगळं खरं होतं.

ती बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि हात न धुताच उभी राहिली. माहेरच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला कप. सरपण फोडायला येणाऱ्या बाईचा. ती बाई स्वतःच कप विसळून पुढं धरायची आणि आठ वर्षांची वच्छला तपेलीतून चहा ओतायची. वरून. कपाला तपेली लागू न देता. थेंब सांडत नाही म्हणून आई कौतुक करायची. इतक्या वर्षांत तिला तो कप आठवला नव्हता. हातांनी मात्र ते अंतर जपून ठेवलं होतं.

मागून मेघा आली. तिनं नळ बंद केला.

"ऐकलंस ती काय म्हणाली?"

"ऐकलं." मेघा ट्रेमधला कापूस नीट करत राहिली. "तुमच्या मनात तसं नसतं, ते आता माहिती आहे मला. पहिल्या आठवड्यात मलापण तेच वाटलं होतं."

"बोलली नाहीस."

"तुम्ही इन्चार्ज."

वच्छला बुद्धभूषणला म्हणाली, "आजचं एक ड्रेसिंग होऊ द्या. त्यानंतरही जाते म्हणाल्या तर रिक्षा मीच बोलावते."

अकरा वाजता ती ट्रे घेऊन बसली. "जखमेला ग्लोव्हज लागतीलच आजी. एक नंबरच्या खाटेपासून सगळ्यांना."

"ठावं हाय. मेघा बी घालती."

ड्रेसिंग झालं. ग्लोव्हज काढून, हात धुऊन वच्छला परत आली आणि या वेळी पायाशी न बसता उशाशी बसली.

"माझ्या माहेरी कोनाड्यात एक कप होता," ती म्हणाली. "कान तुटलेला. मी त्यात वरून चहा ओतायची."

गोजरबाईनं मान तिच्याकडं वळवली.

"किती मोठी व्हतीस?"

"आठ वर्षांची."

"आन मोठी झाल्यावं?"

"मोठी झाल्यावर इकडं आले. शिकायला."

"म्हंजी कप तिथंच ऱ्हायला."

"हो."

बुद्धभूषण हातातल्या फॉर्मची घडी घालत होता, उलगडत होता.

"हात लावू का?" वच्छलानं विचारलं.

"पायाला नगं. त्याला कळत नाय." गोजरबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. "हितं लाव."

वच्छलानं दोन्ही तळवे त्या विरळ पांढऱ्या केसांवर टेकवले.

"गार हायेत गं."

"कायमचेच."

"असू दे. तापतील."

दहा मिनिटं गेली. ती रेकी होती का, वच्छलाला सांगता आलं नसतं. वर्गात शिकवलेलं काही तिला आठवलंच नाही. बोटांखाली कानशिलाची शीर उडत होती. आधी भराभर, मग सावकाश. गोजरबाईचे डोळे मिटले होते.

ती उठली आणि अडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं कालच ऑपरेशन झालेलं. हात स्वच्छ केल्याशिवाय तिकडं जाता येणार नव्हतं. खाटेच्या दांडीला सॅनिटायझरची बाटली अडकवलेली होती. तिच्याकडं गेलेला हात मध्येच थांबला.

गोजरबाईनं डोळे उघडले होते. "शेजारणीकडं जायचंय ना?"

"हो. टाके ताजे आहेत तिचे."

"मंग आन ती बाटली इकडं."

वच्छलानं बाटली दिली आणि ओंजळ पुढं केली. गोजरबाईनं बाटली उंच धरली, चांगली वीतभर.

"वरून टाकू?"

वच्छलानं ओंजळ हलवली नाही. "टाका."

गोजरबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते. तिनं बाटली खाली आणली, दुसऱ्या हातानं ओंजळीला खालून आधार दिला आणि बाटली दाबली. हात मात्र लगेच काढला नाही.

"भूषण," ती म्हणाली, "त्यो कागद ठिव खिशात. आन डबा उघड, काय आणलंय बघू दे."