तिरफळां व्हयीच

बाबांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. त्यात मधुमेह, हृदयाचं दुखणं. मुलुंडच्या केंद्रातली वाचा-उपचार करणारी बाई च्युइंगम चघळत त्यांच्याशी नुसत्या मालवणी गजाली करायची. मला राग यायचा.

"लहानपणीची भाषा आधी परतते का, हेच शोधतोय आम्ही," ती म्हणायची. बाबा मुकेच.

परवा ती म्हणाली, "काकानू, बांगड्याच्या तिखल्यात मी तिरफळां घालीत नाय. गरम मसालो बास."

तिरफळांशिवाय बांगड्याचं कालवण? बाबा लालबुंद झाले. ओठ थरथरले.

"तिरफळां... व्हयीच गो!"

मला रडू फुटलं. तिने मात्र च्युइंगम गालात सरकवलं आणि साळसूदपणे विचारलं, "असां? मगे किती घालूची?"